माइन ते डॅन्यूब: तटबंदीच्या गावांमधून चार दिवस सायकलवर

दक्षिण जर्मनीतल्या या सफरीचा नकाशा उघडला की आधी नद्या बघाव्यात, रस्ते नंतर. व्युर्त्सबुर्गला माइन, मग टाउबर, मग फ्रांकेनह्योअ नावाची डोंगररांग, पलीकडे व्योर्नित्स आणि शेवटी डोनाउवर्थला डॅन्यूब. नदीकाठचा रस्ता जवळजवळ सपाट असतो. चढ लागतो तो एका नदीचं खोरं सोडून दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात शिरताना. जुनी गावंही याच हिशेबाने वसली. काही पाणी उथळ होतं तिथे, काही नदीच्या वळणावरच्या उंच कड्यावर. त्यामुळे पायांना जिथे चढ जाणवतो, तिथे वर बहुतेक एखादी वेस उभी असते.

एकूण अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. रोड सायकलवर सराव असलेला माणूस ते दोन दिवसांतही संपवेल. तरी चार दिवस ठेवावेत, कारण रोटेनबुर्ग आणि न्योर्डलिंगेनच्या तटांवर पायी फिरायला प्रत्येकी अर्धा दिवस लागतोच.

निघण्याआधी

सलग सिंहगडासारखा लांब घाट या वाटेवर कुठेच नाही. चढ आहेत ते एक-दोन किलोमीटरचे, पण अचानक येणारे आणि अधूनमधून १० टक्क्यांच्या आसपास जाणारे. त्यासाठी पुढे पेडलपाशी ३४ दात्यांची छोटी चेनरिंग (दात्यांचं चक्र) आणि मागच्या चाकावर ३२ किंवा ३४ दात्यांचा सर्वांत मोठा स्प्रॉकेट (तिथलं चक्र) हवा. हिशेब सोपा आहे. ३४ला ३४ लावलं की पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.१ मीटर पुढे जाते, मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी साडेसात किलोमीटर. स्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरले, तर १० टक्क्यांच्या चढावर याला सुमारे १९० वॅट लागतात. मागे २८चा स्प्रॉकेट असेल तर तेवढ्याच फेऱ्यांना सुमारे २२५ वॅट. पहिल्या चढाला हा फरक कळत नाही, तिसऱ्या दिवशी गुडघे सांगतात.

टायर किमान २८ मिलीमीटरचा, ३२चा बसत असेल तर तोच घ्यावा. डांबर उत्तम असलं तरी प्रत्येक वेशीच्या आत दगडी फरसबंदी सुरू होते आणि सायकलमार्गाचे काही तुकडे बारीक खडीचे आहेत. ७० किलोच्या स्वाराला २८च्या टायरमध्ये पुढे ६५, मागे ७० ते ७५ पीएसआय पुरतात; ३२ला ५५ ते ६०. हवा फार कमी ठेवली तर फरसबंदीच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि सापाने चावल्यासारखी दोन भोकं शेजारी पडतात. फार जास्त ठेवली तर ओल्या दगडावर चाक सरकतं. दोन ट्यूब, तुटलेली चेन जोडायचा क्विक लिंक आणि आपल्या फ्रेमला बसणारा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा) सोबत ठेवावा. हँगर शेकडो आकारांचे असतात, छोट्या गावातल्या दुकानात नेमका आपला मिळेल याची खात्री नाही. ट्यूबचा व्हॉल्व्हही पाहून घ्यावा. रोड रिमला बारीक प्रेस्टा लागतो, जर्मनीत साध्या सायकलींना अजून वेगळा, रुंद व्हॉल्व्ह असतो.

बुटांबद्दल ठाम मत आहे: तळव्यात आत बसलेल्या दोन बोल्टच्या क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या खटक्याचे, बूट घ्यावेत. रोडचे मोठे प्लास्टिकचे क्लीट घालून तटाच्या झिजलेल्या दगडी पायऱ्या चढणं धोक्याचं आहे, आणि इथे पायऱ्या जवळजवळ रोजच्या आहेत.

सायकल भाड्याने घेतली तर पहिलं काम ब्रेक तपासायचं. आपल्याकडे पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, जर्मनीत डाव्या. सवयीने डावा हात जोरात दाबला की पुढचं चाक अडतं. रिकाम्या मैदानात वीस-पंचवीस वेळा थांबून हात बसवावा, किंवा दुकानात केबल अदलाबदल करून मागावी. घंटी आणि दिवे तिथल्या नियमाने लागतात. दिवसा काढून ठेवता येणारे दिवे चालतात, मात्र अंधारात ते लावलेले हवेत.

रस्त्याची बाजू उजवी. सरळ रस्त्यावर चूक होत नाही. ती होते शेतवाटेवरून मोकळ्या रस्त्याला लागताना, किंवा बेकरीतून बाहेर पडून पुन्हा सायकलवर बसताना. गाडी दिसत नसेल तर मन आपोआप डावीकडे वळतं. गावातल्या ज्या चौकात कोणतीही पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, मग ती गल्ली कितीही लहान असो. गोल निळ्या पाटीवर पांढरी सायकल असेल तर त्या सायकलमार्गाने जाणं बंधनकारक आहे, शेजारचा रस्ता कितीही गुळगुळीत दिसला तरी. गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारीने दोन मीटर अंतर ठेवायचं, असा नियम आहे. शक्य तिथे हमरस्ता टाळावाच, कारण साध्या ग्रामीण रस्त्यावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा असते.

पहिला दिवस: व्युर्त्सबुर्ग ते रोटेनबुर्ग, सुमारे ७५ किलोमीटर

व्युर्त्सबुर्ग स्टेशनबाहेर ट्रामचे रूळ आहेत. ते शक्य तितक्या काटकोनात ओलांडावेत. तिरकं गेलं की २८चा टायर खाचेत अडकतो आणि माणूस आडवा होतो. जुन्या माइन पुलाजवळ नदी गाठली की ऑक्सेनफुर्टपर्यंत साधारण २० किलोमीटर काठाकाठाने जायचं. हा भाग जर्मनीतल्या सर्वांत वापरल्या जाणाऱ्या सायकलमार्गांपैकी आहे, रविवारी सकाळी लहान मुलं आणि इलेक्ट्रिक सायकली यांची गर्दी असते. इथे वेग काढू नये. आयबेलश्टाट आणि झोमरहाउझेन ही दोन्ही तटबंदीची द्राक्षगावं वाटेवरच लागतात. आयबेलश्टाटचा तट लहान आहे, पण पुढे काय बघायला मिळणार याची ओळख करून देतो.

ऑक्सेनफुर्टच्या नावातच बैल आहे. फुर्ट म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा. इथे नदी सोडायची. बाटल्या भराव्यात, पोटातही काही घालावं, कारण पुढच्या पठारावर दुकानं विरळ आहेत.

ऑक्सेनफुर्टहून दक्षिणेला जुन्या रेल्वेच्या बांधावरून सायकलमार्ग जातो. रूळ काढले, चढ मात्र रेल्वेचाच राहिला. वाफेच्या इंजिनाला न झेपणारा चढ त्या काळी कोणी बांधत नसे, त्यामुळे मोठ्या चेनरिंगवरही पठारावर सहज पोचता येतं. वर आलं की ऑक्सेनफुर्टर गाउ सुरू होतं: वाऱ्याने वाहून आलेल्या बारीक, सुपीक मातीचा प्रदेश, गहू आणि शर्कराकंद. ऑक्सेनफुर्टलाच साखर कारखाना आहे, ऊस नव्हे तर कंद गाळणारा. सप्टेंबरनंतर कंद उपसायचा हंगाम लागला की ट्रॅक्टरच्या चाकांची माती शेतवाटांवर पसरते. कोरडी असेल तर धूळ, पाऊस पडला की साबण. वळणावर अशी माती दिसली तर आधीच ब्रेक लावून घ्यावा आणि चिखलावर सायकल न झुकवता, न ब्रेक लावता सरळ जाऊ द्यावी. ही माती रिम ब्रेकच्या पॅडमध्ये अडकून रिम खरवडते, म्हणून संध्याकाळी पॅड पुसावेत.

पठारावर आडोसा नाही. वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा असतो आणि तुम्ही दक्षिणेला चाललेले असता, म्हणजे तो उजव्या खांद्यावर समोरून येतो. दुपारी वाढतोही. शक्यतो अकराच्या आत गाउ ओलांडावं.

आउब हे छोटं गाव लागलं की उतार सुरू होतो. गोलाख नावाचा ओढा सोबतीला येतो आणि बीबरएरेनला टाउबर नदीला मिळतो. उजवीकडे, नदीच्या प्रवाहाबरोबर गेलं तर थोड्याच अंतरावर र्योटिंगेन हे तटबंदीचं गाव आहे. रोटेनबुर्गसाठी डावीकडे, प्रवाहाच्या उलट जायचं. क्रेग्लिंगेनला पोचलं की गावाबाहेर सुमारे एक किलोमीटरवर हेरगॉट्सकिर्शे हे चर्च आहे. त्यातली शिल्पकार टिलमन रीमेनश्नायडरची मेरीची वेदी १६व्या शतकाच्या पहिल्या दशकातली, लिंडेन लाकडात कोरलेली. तिला रंग दिलेला नाही, चेहऱ्यांवरचे भाव निव्वळ छिन्नीच्या खोलीतून आणि खिडकीतल्या उजेडातून उमटतात. पाय थकले असले तरी हे वळण चुकवू नये.

क्रेग्लिंगेन ते रोटेनबुर्ग साधारण २० किलोमीटर. आर्चसहोफेन, टाउबरत्सेल, बेटवार अशी गावं आणि जुन्या पाणचक्क्या. दरी हळूहळू अरुंद होते, चढ कळत नाही इतका. मग डेटवांग येतं आणि तिथून रोटेनबुर्गच्या वेशीपर्यंत ७०-८० मीटर चढायचे असतात. दिवसभरात सर्वांत जास्त चेन इथेच पडते. कारण असं: सपाटीवर मोठ्या चेनरिंगवर चालत असताना चढ अचानक अंगावर येतो, स्वार पेडलवर पूर्ण जोर देऊन छोट्या चेनरिंगवर उतरतो. ताणलेली चेन आधी हलतच नाही, मग एकदम आतल्या बाजूला पडते. डेटवांगच्या घरांमध्येच गिअर उतरवावा, पेडलवरचा जोर क्षणभर सैल सोडून. दरीतून कोबोल्त्सेलर वेशीकडे जाणारी वाट फोटोत सुंदर दिसते, पण ती आखूड, उभी आणि फरसबंदीची आहे. तिथे सायकल ढकलत न्यावी.

रोटेनबुर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे ४२५ मीटरवर आहे. दरी फक्त पश्चिमेला आहे. पूर्वेला सपाट जमीन असल्याने तिकडचा तट जास्त भक्कम लागला. आपल्या किल्ल्यांवरची फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, उघडी असते. इथली लाकडी छपराखाली आहे, त्यामुळे पावसातही तटावरून फिरता येतं. रुंदी जेमतेम दोन माणसांची. जंग्यांमधून, म्हणजे मारा करायच्या भोकांमधून, बाहेर बघत रोडर वेशीच्या बाजूने चालावं. भिंतीत नावं कोरलेले दगड दिसतील. ३१ मार्च १९४५ला झालेल्या बॉम्बहल्ल्यात गावाचा पूर्वेकडचा भाग आणि तटाचा मोठा तुकडा पडला. युद्धानंतर जगभरातून देणग्या आल्या, त्या देणगीदारांची ही नावं. हे माहीत असलं की वरून दिसणारी छपरं वेगळी वाटतात: पश्चिमेची जुनी, पूर्वेची त्याच घाटाची पण १९४५नंतर उभी केलेली.

दिवसा गाव पर्यटकांनी भरलेलं असतं. संध्याकाळी सहानंतर बस निघून जातात, मुक्काम करणाऱ्याला खरं गाव तेव्हा मिळतं. व्हिटसनच्या, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या, सुट्टीत इथे मोठा उत्सव असतो, त्या दिवसांच्या खोल्या फार आधी भरतात. निवास शोधताना जर्मन सायकल संघटनेचं ‘बेट उंड बाइक’ चिन्ह असलेली जागा बघावी. तिथे एका रात्रीसाठीही खोली मिळते, सायकलला कुलूपबंद जागा आणि ओले कपडे वाळवायची सोय असते. काचेत दिसणारा श्नेबाल हा पिठाच्या पट्ट्यांचा तळलेला गोळा चाखायला घ्यावा, पण सायकलच्या खिशात ठेवू नये. तो कोरडा असतो आणि त्याचा भुगा होतो.

दुसरा दिवस: रोटेनबुर्ग ते डिंकल्सब्युल, सुमारे ५५ किलोमीटर

दक्षिणेच्या श्पिटाल वेशीतून बाहेर पडावं. तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलं आहे: आत येणाऱ्यांना शांती, बाहेर जाणाऱ्यांचं कल्याण.

आजचा मुख्य चढ शिलिंग्सफ्युर्स्टचा. दुरूनच डोंगराच्या टोकावर राजवाडा दिसतो आणि तो जवळ येता येत नाही. गाव पाचशे मीटरांहून जरा वर आहे. पायथ्याच्या शेतवाटा खालीवर होत राहतात, त्यामुळे खरा चढ लागेपर्यंतच बरीच ताकद संपते. या भागात मोबाइलमधलं मार्गदर्शन सर्वांत जास्त फसवतं. अ‍ॅपमध्ये साधी ‘सायकल’ निवडली तर ते जंगलातल्या खडीच्या वाटेवर नेतं. ‘रोड सायकल’ निवडावं, आणि पाट्यांवर भरवसा ठेवावा: पांढऱ्यावर हिरवी अक्षरं, गावाचं नाव आणि अंतर. दोन मोठ्या पाट्यांच्या मध्ये फक्त बाण असलेले छोटे चौकोन असतात, वळणावर नजर त्यांनाच शोधत असावी. आपल्या वाटेसाठी राष्ट्रीय सायकलमार्ग डी-९ची खूण पाहायची.

शिलिंग्सफ्युर्स्टला थांबावं, नुसता श्वास घ्यायला नाही. व्योर्नित्स नदी इथेच उगम पावते. मागे सोडलेली टाउबर माइनला, माइन ऱ्हाइनला मिळून ते पाणी उत्तर समुद्रात जातं. इथलं पाणी डॅन्यूबमधून काळ्या समुद्रात. युरोपचा मुख्य जलविभाजक या धारेवरून जातो. सह्याद्रीच्या माथ्यावर उभं राहून कोकण आणि देश बघितलेल्या माणसाला ही जागा समजावून सांगावी लागत नाही, फरक एवढाच की इथे कडा नाही, फक्त गवताची पाठ. उंचावरच्या राजवाड्याला पाणी पोचवणं अवघड होतं, म्हणून खाली बैलांच्या पायांनी चालणारा मोठा पंप बसवला होता. तो जुन्या विहीरघरात अजून पाहता येतो.

उतार डोंबयुलकडे. तिथे न्युर्नबर्गच्या लोकल गाडीचं स्टेशन आहे. सायकल मोडली, पाऊस थांबेना किंवा कोणी आजारी पडलं तर माघार घ्यायची जागा ही. पुढे रेल्वे विरळ होत जाते.

फॉइश्टवांगेनला चर्चशेजारी जुन्या मठाचं रोमनेस्क या मध्ययुगीन शैलीतलं कमानींचं अंगण आहे, उन्हाळ्यात तिथे नाटकं होतात. जेवायचं असेल तर दोनच्या आत. बहुतेक स्वयंपाकघरं दुपारी दोन ते साडेपाच बंद असतात, आणि आठवड्यातला एखादा पूर्ण दिवस, बऱ्याचदा सोमवार किंवा मंगळवार, सुट्टीचा. दारावर ‘रुहेटाग’ लिहिलेलं दिसलं की समजायचं. शाकाहारी माणसाला केझश्पेट्सले, म्हणजे चीज घातलेल्या मऊ शेवया, जवळपास सगळीकडे मिळतात. बटाट्याची कोशिंबीर मात्र विचारून घ्यावी, ती अनेकदा मांसाच्या सूपमध्ये मुरवतात. प्यायला आपफेलशोर्ले: सफरचंदाचा रस आणि सोडा. साखर आणि पाणी दोन्ही मिळतं. रविवारी किराणा दुकानं बंद, सकाळी काही तास बेकरी आणि नंतर फक्त पेट्रोल पंप. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. गावातल्या कारंज्यावर ‘काइन ट्रिंकवासर’ लिहिलं असेल तर पिऊ नये.

डिंकल्सब्युलला चार वेशी आहेत आणि त्यांची नावं त्या त्या वाटेवरून: रोटेनबुर्गर, न्योर्डलिंगर, झेग्रिंगर आणि नदीकडची व्योर्नित्स वेस. इथे तटावर चढण्यापेक्षा बाहेरून, जुन्या खंदकाच्या हिरव्या पट्ट्यातून प्रदक्षिणा घालावी. युद्धात गाव वाचलं, म्हणून घरांच्या भिंती खरोखर वाकलेल्या आहेत. सेंट जॉर्ज चर्च १४४८ ते १४९९ या काळात बांधलं. बाजूच्या दालनांची उंची मधल्या दालनाइतकीच ठेवल्याने आत शिरल्यावर छत एकसंध दिसतं.

तिसरा दिवस: डिंकल्सब्युल ते न्योर्डलिंगेन, सुमारे ४० किलोमीटर

अंतर कमी, पण दिवस भरलेला. विलबुर्गश्टेटेनपर्यंत व्योर्नित्स सोबत असते, मग नदी सोडून दक्षिणेच्या टेकड्यांवर चढायचं. छोटे चढउतार, दोन्ही बाजूंना झाडी. मग एका वळणानंतर झाडी संपते आणि समोर प्रचंड सपाट ताटली दिसते, कडेला निळसर टेकड्यांचं कडं. हे रीस. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळून झालेला, २४-२५ किलोमीटर व्यासाचा खड्डा.

लोणार पाहिलेल्या वाचकाने इथे मुद्दाम थांबावं. तेही आघाताने झालेलं विवर, पण १.८ किलोमीटरचं, काठावर उभं राहिलं की एका नजरेत मावतं. रीस मावत नाही. सायकलवर मात्र त्याचा आकार कळतो: काठाची चढण, आत उतरण, मग तासभर टेबलासारखी सपाटी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काठ. हा ज्वालामुखी नसून आघात आहे हे १९६०च्या सुमारास यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूशास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. प्रचंड दाबाखालीच तयार होणारं कोएसाइट हे खनिज त्यांना इथल्या दगडात सापडलं. तो दगड म्हणजे सुएव्हाइट, आणि न्योर्डलिंगेनचं सेंट जॉर्ज चर्च त्याच राखाडी दगडात बांधलेलं आहे. ऑगस्ट १९७०मध्ये अपोलो १४चे अंतराळवीर चंद्रावरचे दगड ओळखण्याच्या सरावासाठी इथे आले होते.

ताटलीत उतरताना वेग सहज ५० पार करतो. उताराच्या शेवटी शेतवाट आडवी येते, ट्रॅक्टर कणसांच्या आडून निघतो. हात ब्रेकवर हवेत. वालरश्टाइनला गावामधून खडक वर आलेला दिसतो. विवरात नंतर साचलेल्या तळ्यातल्या चुनखडीचा तो अवशेष आहे.

न्योर्डलिंगेनला सायकल मुक्कामी ठेवून आधी तट. जर्मनीत पूर्ण गोल, वरून सलग फिरता येणारा असा तट क्वचितच राहिला आहे: साधारण २.७ किलोमीटर, छपरासकट, पाच वेशी. एक फेरी पाऊण ते एक तास. नंतर सेंट जॉर्ज चर्चचा डॅनिएल मनोरा, सुमारे ९० मीटर उंच, ३५० पायऱ्या. वरून गावाचं वर्तुळ आणि त्याबाहेर विवराचं वर्तुळ, दोन्ही एकात एक दिसतात. विवराचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, त्यानुसार सफरीचा वार ठरवावा. रात्री दहा ते बारा, दर अर्ध्या तासाने मनोऱ्यावरचा पहारेकरी ‘झो, ग्झेल, झो’ अशी हाळी देतो. ती ऐकायला चर्चच्या चौकात उभं राहावं.

चौथा दिवस: न्योर्डलिंगेन ते डोनाउवर्थ, सुमारे ३५ किलोमीटर

राइमलिंगर वेशीतून आग्नेयेकडे. म्योटिंगेनपर्यंत सपाटी, उघडा वारा. व्योर्नित्स पुन्हा भेटते आणि हारबुर्गला विवराच्या काठातून वाट काढून बाहेर पडते. नेमक्या त्या खिंडीवर किल्ला. जुन्या दगडी पुलावरून तो पूर्ण दिसतो. वर जाणारी वाट तीव्र आहे, पण हा शेवटचा चढ आहे, आणि किल्ला मोडतोड न होता टिकलेला असल्याने चढणं सार्थकी लागतं. रेल्वे सोबतच आहे. म्योटिंगेन आणि हारबुर्ग दोन्हीकडे स्टेशन.

डोनाउवर्थला रीडर वेशीपाशी व्योर्नित्स डॅन्यूबला मिळते. स्टेशन मोठं आहे, आउग्सबुर्ग-म्युनिकच्या गाड्या मिळतात. प्रादेशिक गाड्यांत सायकलसाठी वेगळं तिकीट काढावं, डब्याच्या दारावर सायकलचं चित्र असेल तिथेच चढावं. जागा नसेल तर गाडी सोडावी लागते, म्हणून विमानाच्या दिवशी हा प्रवास ठेवू नये. आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांमध्ये सायकलची जागा आधी आरक्षित केल्याशिवाय घेत नाहीत, आणि सगळ्या आयसीईंना ती जागा नसते.

विमानासाठी पेटीत भरताना डावं पेडल उलट आट्यांचं असतं हे लक्षात ठेवावं, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून निघतं. मागचा डिरेलर हँगरसकट काढून फ्रेमच्या आत बांधावा. डिस्क ब्रेक असतील तर चाकं काढल्यावर पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी घालावी, नाहीतर पेटीत लिव्हर दाबला जातो, पिस्टन बाहेर येतात आणि घरी चाक बसत नाही.